मेपलवरचा इस्त्रीचा डाग

आमच्या घरी आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आधीच विचारायचा, "पॉलिश राहिलंय वाटतं?"

बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीला लागून दोन स्पीकर उभे आहेत. कमरेएवढे उंच, जुन्या काळचे. पुढून जाळीचं कापड आणि बाकी सगळीकडून फिकट लाकूड. मी समजावून सांगायचो, की काही राहिलेलं नाही, हे मेपलचं व्हिनिअर आहे, रंग मुद्दामच असा ठेवलाय. पाहुणा मान हलवायचा, चहा प्यायचा आणि निघताना चपला घालता घालता माझ्या बायकोला हळूच म्हणायचा, "वहिनी, वसमत रोडला आमच्या ओळखीचा पॉलिशवाला आहे. सांगून ठेवू का?"

त्यांचीही चूक नाही. परभणीत लाकूड म्हणजे सागवान, आणि सागवान म्हणजे उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाचा रंग. दारं तशी, दिवाण तसे, देव्हारे तसे. पांढरट लाकूड इथं फक्त सफरचंदाच्या खोक्यांना असतं. तेव्हा मी बापाचे स्पीकर घेतले आणि त्यांची सफरचंदाची खोकी करून ठेवली, असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काय? पण ते का केलं ते सांगायला पाहिजे. आयुष्यात मी जेवढ्या कामांना हात घातला, त्यातलं हे एकच काम मी शेवटपर्यंत नेलं. बिघडायचं ते बिघडलंच, पण शेवटपर्यंत नेलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात नाझर होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी तोंडातली कचेरी गेली नव्हती. भाजी आळणी झाली की "हरकत नोंदवून घ्या", जेवायला उशीर झाला की "आज काय, पेशी पुढं ढकलली?" तरुणपणी त्यांनी हे स्पीकर हैदराबादेत, बिऱ्हाड मोडून परदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतले आणि रेल्वेनं घरी आणले. पूर्ण्याला गाडी बदलताना हमालाच्या हाती न देता एकेक करून स्वतः पुलावरून वाहून नेले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकली, की तो पूल दर वर्षी थोडा थोडा उंच होत गेला.

म्हातारपणी काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली. आधी दाराच्या चौकटी गेल्या, मग माणसांचे चेहरे गेले, मग ताटातल्या वाट्या. अंघोळीला मी लागायचो. जेवताना बायको हात धरून दाखवायची, की वरण इथं, भाजी तिथं. एक गोष्ट मात्र ते कुणालाही करू देत नसत. रोज दुपारी चारच्या सुमाराला ते दिवाणावरून उठायचे, चालत खोली ओलांडायचे आणि दोन स्पीकरांच्या मधल्या, रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायरच्या टेबलापाशी जाऊन स्वतःच्या हातानं तबकडी लावायचे. मधे काही नाही, नुसती शहाबादी फरशी. ती फरशी ओलांडणं म्हणजे अण्णांचा अख्खा दिवस होता. मी हात धरायला गेलो की झटकायचे. "वकील नको. मी माझी बाजू स्वतः मांडतो."

होळीच्या आसपास एका दुपारी ते स्पीकरवर धडकले आणि पडले. कपाळाला टाके पडले. हाड वाचलं.

दोष द्यायचाच तर रंगाला द्यायचा. तेव्हा स्पीकर जुन्या पॉलिशचे, जवळजवळ काळे. खाली फरशी काळी. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत गडद हिरवा ऑइल पेंट, आपल्याकडं शाळा, दवाखाने आणि घरं यांना सारखाच मारतात तो. काळ्यावर काळं उभं. धडधाकट डोळ्यांचा मीसुद्धा दोनदा नडगी फोडून घेतली होती, पण ते घरात सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिंतूरहून ताई आली. आली ती एसटीतून उतरून रिक्षात आणि रिक्षातून थेट अण्णांच्या कपाळापाशी. ताईनं तिच्या सासूला खुबा मोडल्यावर वर्षानुवर्षं पलंगावर सांभाळलेलं. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कुशी बदलायच्या, हे तिनं हातांनी केलेलं. तेव्हा ती जे बोलली ते हट्टानं नाही, भीतीनं बोलली.

"अण्णांना मी नेते. खालच्या खोलीत कॉट टाकते, उशाला ट्रान्झिस्टर ठेवते. हाक मारली की मी हजर. उठायचं काम न्हाई."

अण्णांनी पट्टी बांधलेलं डोकं तिच्याकडं वळवलं. "मला कोणत्या कलमाखाली नेतेस?"

"पडायच्या."

"एकदाच पडलोय."

"माझ्या सासूबाई पण एकदाच पडल्या होत्या, अण्णा."

 अण्णांनी धोतराचा सोगा हातात घेऊन तो चुरगाळायला सुरुवात केली. मला ते बघवेना. मी जे काही करतो ते असं बघवेना म्हणूनच करतो. विचार करून केलेलं मला आठवत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मागं एकदा म्हणाल्या होत्या, की यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतोय, तेव्हा वाटेतल्या वस्तू उजळ करा, काळ्या जमिनीवर पांढरं असलं तर दिसेल. त्याच महिन्यात मी मोबाईलवर जुन्या स्पीकरांचे व्हिडिओ बघत बसायचो. परदेशात एके काळी फिकट लाकडाच्या स्पीकरांची फॅशन होती म्हणे. मेपल, बर्च, ॲश, सगळी लाकडं साय आल्यासारखी. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींवर आपटल्या आणि मी बोलून गेलो, "ताई, थांब. मी हे स्पीकर पांढरे करतो."

"तू?"

"हो."

"आईचं देवघर तूच रंगवलंस ना? बाळकृष्ण अजून सुटला न्हाई खालच्या फळीपासून."

"ते ऑइल पेंट होतं, ताई. हे व्हिनिअर आहे."

ताईनं माझ्याकडं, मग स्पीकरांकडं, मग अण्णांकडं पाहिलं. अण्णांचा हात धोतरावरच होता. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत. भाऊबीजेला येते. माझ्या डोळ्यांनी बघते. कुणाचा हात न धरता सरळ पोचले तर राहू दे तुझ्याकडं. न्हाई तर गाडी घेऊनच येते, त्याच दिवशी नेते."

"मुदत मंजूर," अण्णा म्हणाले. सोगा त्यांनी सोडून दिला.

आता व्हिनिअर म्हणजे काय, हे त्या वेळी मला जेवढं कळत होतं तेवढंच सांगतो. लाकडाचा पापड. खरं झाड पापडासारखं पातळ लाटायचं आणि भुशाच्या फळीवर चिकटवायचं, म्हणजे बघणाऱ्याला अख्खं खोड वाटतं. अण्णांनी पुलावरून वाहून आणलेलं सागवानही तसंच वरवरचं निघालं. हे मला कसं कळलं? घासून.

पहिला बेत असा होता, की नवं काही लावायचंच नाही. आहे तेच सागवान घासून, वर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी फिरवून फिकट करायचं. व्हिडिओतल्या माणसानं तसंच केलं होतं आणि त्याचं लाकूड मधासारखं झालं होतं. मी अंगणात बसून पॉलिशपेपरनं घासायला लागलो. घासता घासता कोपऱ्यावर लाकूड संपलं आणि आतून शेंगदाण्याच्या कुटासारखा भुसा दिसायला लागला. मग मी तो कोपरा सोडून ॲसिडकडं वळलो. वाळल्यावर त्या सागवानाला जो रंग आला तो फिकट होता, यात शंका नाही, पण सगळीकडं सारखा फिकट नव्हता. अंगावर कोड फुटावं तशी लाकडाची कातडी झाली. समोरचे शेजारी, ज्यांच्या घरात सुतारकाम आहे, ते फाटकात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मास्तर, हे उतरवायलात का चढवायलात?"

मी मास्तर नाही. जिल्हा परिषदेत कारकून होतो. पण आमच्या गल्लीत हातात पॉलिशपेपर घेऊन मोबाईलकडं बघणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हे कुणाला ठरवता आलं नव्हतं.

एक स्पीकर मी तसाच, कोडासकट, त्याच्या जागी नेऊन ठेवला. अण्णा चारला उठले, जरा थांबले आणि म्हणाले, "आता थोडं दिसायलंय."

मला केवढा हुरूप आला म्हणून सांगू.

दुसरा बेत मेपलचा. परभणीत प्लायवूडच्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं मला फ्रीजच्या रंगाचं लॅमिनेट दाखवलं. शेवटी हैदराबादच्या एका दुकानातून गुंडाळी मागवली. ती ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पहाटे आली. उलगडून बघितली. खरं सांगतो, इतकी देखणी वस्तू आमच्या घरात त्याआधी आली नव्हती. सायीचा रंग आणि आतून रेशमासारखी हलणारी रेघ. अण्णांच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवली, नाकाशी धरली. "कागद आहे हा," म्हणाले. "यावर वारसदाराची सही घेता येईल."

मे महिना होता. मे महिन्यात आपल्याकडं गोंद लावायचा नसतो, हे व्हिडिओतल्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ होता. मी ब्रश डबीतून फळीपर्यंत नेईस्तोवर गोंद वाळून ब्रशाचे केस ताठ व्हायचे. मग वाचलं, की गोंद दोन्हीकडं लावून वाळू द्यायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवली की तो पुन्हा वितळून धरतो. हे मला फार पटलं. वाळू देणं हे मला आपोआप जमत होतं.

"अहो, माझी इस्त्री घेऊ नका," बायको म्हणाली.

"मधे कापड ठेवतो गं."

कापड ठेवलं. चार बाजू निघाल्यासुद्धा व्यवस्थित. फुगे आले तिथं ब्लेडनं चीर देऊन दाबले. मग डाव्या स्पीकरच्या पुढच्या कडेला आलो आणि पुढची पायरी काय होती ते बघायला मोबाईल उचलला. व्हिडिओच्या आधी जाहिरात लागली. जाहिरात प्रेशर कुकरची होती आणि कुकरची शिट्टी वाजायच्या आधीच मला जळका वास आला. इस्त्री उचलली तर खाली तिचा फोटो निघाला होता, टोकासकट. मेपलवर तपकिरी रंगाची इस्त्री, अण्णांच्या पंजाएवढी.

बायकोनं डाग बघितला, इस्त्रीचा तवा बघितला. म्हणाली, "ही एकच जागा तेवढी पॉलिश झाल्यासारखी वाटायलीय."

पावसाळ्याच्या तोंडावर शेवटचा हात. फिकट लाकडावर तेलाचं वॉर्निश मारायचं नसतं. ते पिवळं पडतं. त्याला पाण्याचं, बिनरंगाचं लॅकर लागतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दुकानात जाऊन तेच मागितलं. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, दरवाज्याला मारतात, दहा पावसाळे हलत न्हाई." एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसापुढं मी कधीच टिकलो नाही. घेतलं. मारलं. पहिला हात वाळेपर्यंत बरं दिसलं. तिसऱ्या हातानंतर माझं सायीच्या रंगाचं मेपल हळद घातलेल्या दुधासारखं झालं.

पण ते काळ्या फरशीवर हिरव्या भिंतीपुढं उठून दिसत होतं, हे खरं. अण्णांना दिवाणावर बसवून मी विचारलं, "कसं दिसायलंय?"

त्यांनी तोंड बरोबर स्पीकरांच्या दिशेनं केलं. "पांढरंशुभ्र," म्हणाले. "दोन पक्षकार धोतर नेसून उभे हायत जणू."

मी खूष. आपल्याला पिवळं दिसतं ते अण्णांना पांढरं दिसतं म्हणजे त्यांच्या नजरेला तेवढी सूट द्यायला हवी, असा हिशेब मी मनाशी केला. बायको दारात उभी होती. ती स्पीकरांकडं नाही, अण्णांकडं बघत होती.

एक गोष्ट राहिली. तारा परत जोडताना माझ्या हातात एक बारीक हिरवी तार उरली. ती कुठून निघाली होती ते काही केल्या आठवेना, म्हणून मी तिला टेबलामागं खोचून टाकलं. तेव्हापासून ॲम्प्लिफायर चालू केला की स्पीकर, गाणं नसलं तरी, घूंऽऽ असा आवाज करत राहायचे. मधमाश्यांचं पोळं भिंतीत असल्यासारखा. मी म्हटलं, "अण्णा, एखाद्या रेडिओवाल्याला दाखवतो, हे घूं घालवून टाकू."

"राहू दे. घाई काय?"

"गाण्यात मधे मधे येतंय."

"येऊ दे," अण्णा म्हणाले. "उलट तू असं कर. चारच्या जरा आधी मशीन चालू करून ठेवत जा. जुनं आहे, गरम व्हायला येळ लागतो."

मी चालू करून ठेवायला लागलो.

आणि अण्णा चालायला लागले. श्रावण, भादवा, नवरात्र. रोज चारला दिवाणावरून उठून सरळ, न अडखळता, दोन स्पीकरांच्या मधे. मी खुर्चीत बसून बघायचो आणि मनातल्या मनात ताईशी भांडायचो. पाहुणे आले की त्यांना चारपर्यंत थांबवून घ्यायचो. "बघा," म्हणायचो, "हा रंग यासाठी." पाहुणे बघायचे, कौतुक करायचे, आणि जाताना बायकोला पॉलिशवाल्याचं सांगायचेच.

भाऊबीजेला ताई आली. भाओजींची गाडी दारात उभी राहिली आणि ड्रायव्हरनं ती उलटी फिरवून, तोंड जिंतूरकडं करून लावली, हे मी खिडकीतून बघितलं. ओवाळणं झालं, जेवणं झाली. ताईनं सकाळपासून स्पीकरांबद्दल एक शब्द काढला नव्हता. दुपारी चहा घेताना तिनं पहिल्यांदा नीट बघितलं. "हा काय डाग रे?"

"इस्त्रीचा."

"इस्त्री केलीस?"

"तशी पद्धतच असते."

"आणि पॉलिश राहिलंय का?"

 अण्णा दिवाणावर तयार बसले होते. सकाळीच दाढी करून घेतली होती, अंगात कडक सदरा. चेहरा निकालाच्या दिवशी वकिलांचा असतो तसा. मी मशीन चालू केलं. घूंऽऽ सुरू झालं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ स्पीकरांवर पडलं होतं आणि माझं मेपल त्या दिवशी इतकं उजळलं होतं, की मलाच वाटलं, वॉर्निश चांगलं होतं.

अण्णा उठले. धोतर सारखं केलं आणि निघाले. ताई खुर्चीच्या कडेला आली. तिचे हात पुढं झाले होते, पण तिनं ते मांडीत दाबून धरले. अण्णा सरळ चाललेले. फरशीचा मधला जोड ओलांडला. डाव्या स्पीकरपासून हातभर उरले असतील.

आणि लाईट गेली.

आपल्याकडं लाईट जाते तशी गेली, न सांगता, भर दिवसा. घरात पंखा चालू नव्हता, दिवा चालू नव्हता. बदललं एवढंच, की घूं थांबलं. खोलीत ऊन आधीएवढंच होतं. स्पीकर तसेच लखलखत उभे होते.

अण्णा जागच्या जागी थांबले. एक पाय किंचित उचललेला होता तो त्यांनी खाली टेकवला. मग मान वळवली. आधी उजवीकडं, मग मागं. हात पुढं केला. तो हात स्पीकरकडं नव्हता. खिडकीकडं होता.

"लाईट गेली का रे?" त्यांनी विचारलं.

खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. पापणीसुद्धा हलली नाही.

मी म्हटलं, "हो अण्णा. येईलच आता."

"येऊ दे मग. थांबतो."

आणि ते थांबले. आम्ही तिघंही आपापल्या जागी थांबलो, मी, बायको आणि ताई. ताई माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं. बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती वाजून संपली. लाईट आली नाही. अण्णांना उभं राहवेना तेव्हा ताई उठली. जाऊन त्यांचा हात घेतला.

"अण्णा, मी हाय. बसू चला."

"तू बघितलंस ना? सरळच जायलो होतो मी."

"बघितलं, अण्णा."

स्वयंपाकघरात ताईनं मला विचारलं, "कधीपासून?"

"मला ठाऊक नाही."

बायको ओट्याकडं तोंड करून उभी होती. म्हणाली, "वॉर्निश पिवळं पडलं तेव्हा पांढरंशुभ्र म्हणाले. मला वाटलं, तुमचं मन राखायलेत. तेव्हापासून असेल. कदाचित त्याच्याही आधीपासून."

त्याच्याही आधीपासून म्हणजे, मी हैदराबादहून गुंडाळी मागवली तेव्हा, ब्लेडनं फुगे दाबले तेव्हा, बायकोची इस्त्री जाळली तेव्हा, अण्णांसाठी जगातले सगळे रंग एकच झालेले होते. सांगितलं असतं तर जिंतूरला जावं लागलं असतं. म्हणून ते रोज माझ्या रंगाचं कौतुक करत राहिले आणि त्या उरलेल्या हिरव्या तारेच्या आवाजावर फरशी ओलांडत राहिले. इतक्या महिन्यांत मी केलेल्या कामांपैकी त्यांच्या उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मला न जमलेली तेवढी एक जोडणी.

मी ताईला म्हटलं, "आवाजावर तर जाऊ शकतात ना? मी इन्व्हर्टर घेतो."

"आणि अंघोळीला? संडासला? तिथं पण स्पीकर लावशील का?" ती रागानं नाही बोलली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मी परत एक खुबा सांभाळू शकणार न्हाई रे. माझ्यात तेवढं उरलं न्हाई."

त्या दिवशी त्यांना नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. अण्णांनी वाद घातला नाही. एकदाच म्हणाले, "निकाल मान्य. अपील न्हाई."

निघायच्या आधी ताई पिशव्या गाडीत ठेवत होती तेव्हा अण्णांनी मला जवळ बोलावलं. "आता खरं सांग. रंग कसा झालाय?"

"खरं?"

"शपथेवर."

"हळदीच्या दुधासारखा. आणि डावीकडं इस्त्रीचा डाग आहे."

"इस्त्रीचा?"

"हो. टोकासकट."

अण्णांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसायची त्यांची पद्धत होती, साहेबांसमोर बसायची सवय असल्यामुळं. खूप वेळ हसले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही. "मी अख्ख्या गावाला पांढरंशुभ्र सांगायलो," ते म्हणाले, "खोटी साक्ष झाली की रे माझी."

मग गाडीत बसले.

जिंतूरला खालच्या खोलीत कॉट आहे, उशाला ट्रान्झिस्टर आहे. हात लांब केला की बटण. ताई हाकेसरशी येते. उठायचं काम नाही, म्हणून अण्णा उठत नाहीत. पहिले काही दिवस चारच्या सुमाराला पाय खाली सोडून बसायचे म्हणे. मग तेही थांबलं. संक्रांतीला गेलो तेव्हा त्यांना उभं करायचा प्रयत्न केला. पायांनी धरलं नाही. त्यांच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्यात. बोलतात कमी. कोर्टाचं तर काहीच बोलत नाहीत. परवा फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, "माझं चुकलं का रे?" मी म्हटलं, "नाही." दुसरं काय म्हणणार? पडले नाहीत. ती जे म्हणाली होती तसंच झालं, एकदाही पडले नाहीत.

स्पीकर इथंच आहेत. मेपल उन्हानं काळवंडतं आणि तेलाच्या वॉर्निशखाली तर लवकरच, हेही मला नंतर वाचायला मिळालं. खिडकीकडची बाजू आता जवळजवळ चहाच्या रंगाची झालीय, इस्त्रीचा डाग त्यात मिसळत चाललाय. गेल्या आठवड्यात समोरचे शेजारी वर्गणीची पावती द्यायला आले. बसले, समोर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा. शेवटी करून घेतलं का पॉलिश?"

"हो," मी म्हटलं. "घेतलं करून."